फाटकालगतचे दहा फूट

आजचा विषय लहान आहे. घराभोवतीचे कुंपण फाटकापाशी किती उंच असावे आणि ते तसे राखावे कसे, एवढाच प्रश्न. कामगार चळवळीत उभे आयुष्य घालविलेल्या माणसांनी वेतन, बोनस, कंत्राटी पद्धत हे विषय सोडून मेंदी आणि जास्वंदीवर का बोलावे, असे श्रोत्यांपैकी काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. कारखान्याच्या आवारात ट्रक वळतो, माल वाहणारी गाडी दोन रॅकांमधून एकदम बाहेर येते. कोपऱ्यामागचे दिसत नसेल तर कोणाचा तरी पाय जातो. म्हणून तेथे कोपरे मोकळे ठेवावेत, आरसे लावावेत, ट्रक मागे घेताना एक माणूस इशारा द्यायला उभा करावा, यासाठी आम्ही भांडलो आणि पुष्कळ ठिकाणी ते मिळविले. तोच कामगार सुट्टी झाल्यावर दुचाकीवरून किंवा पायी घरी निघतो. त्याची बायको चार घरची कामे करायला सकाळी बाहेर पडते. मुलगा शाळेच्या आधी वर्तमानपत्रे टाकतो. ही माणसे ज्या शेकडो फाटकांपुढून रोज जातात, तेथला कोपरा मोकळा ठेवणे हे कोणाचेच काम नसते. तेव्हा हा विषय आमचाच आहे.

आमच्या शहरांतल्या जुन्या बंगल्यांच्या वसाहती ज्यांनी पाहिल्या असतील, मग ते पुण्याचे एरंडवणे असो, मॉडेल कॉलनी असो की नाशिकचा कॉलेज रोड असो, त्यांना ती रचना ठाऊक आहे. दगडी बुटका कट्टा, त्याच्या आतून मेंदीची किंवा कोयनेलची दाट रांग, आणि मध्ये दहा फुटी लोखंडी फाटक. ही कुंपणे लावली गेली तेव्हा त्या फाटकांतून मुख्यतः सायकल बाहेर पडत असे. सायकलस्वाराचा डोळा जमिनीपासून पाच फुटांवर असतो आणि पुढच्या चाकाच्या टोकापासून तीन-साडेतीन फूट मागे. तो कुंपणावरून पाहू शकतो, मान पुढे काढू शकतो, आणि वाटल्यास एक पाय टेकून उभा राहतो. त्या वाहनाला ते कुंपण कधी आडवे आले नाही. पुढे त्याच फाटकातून मोटार निघू लागली. मोटारीत बसलेल्याचा डोळा जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर, आणि गाडीच्या नाकापासून सुमारे सात फूट मागे. म्हणजे कुंपण तेच, फाटक तेच. पाहणारा डोळा मात्र फूटभर खाली आला आणि साडेतीन फूट मागे सरकला. नंतर बंगला पडून तेथे इमारत उभी राहिली. जेथून दिवसाला एक मोटार निघे तेथून वीस निघू लागल्या. कुंपण पुष्कळदा तसेच ठेवले गेले, कारण इमारतीच्या जाहिरातीत हिरवळ लागते.

आता थोडे गणित करू. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. समरूप त्रिकोण आम्हाला एका फिटरने रात्रीच्या वर्गात लोखंडी पट्टीवर खडूने काढून शिकविले. तेवढे येथे पुरते.

दहा फूट रुंदीच्या फाटकाच्या बरोबर मधून साडेपाच फूट रुंदीची मोटार बाहेर येत आहे, असे समजा. दोन्ही बाजूंना सव्वादोन फूट जागा राहते. आपल्याकडे सुकाणू उजवीकडे असते, म्हणून चालकाचा डोळा गाडीच्या उजव्या अंगापासून सुमारे सव्वा फूट आत असतो. म्हणजे उजव्या खांबापासून साडेतीन फूट. गाडीचे नाक कुंपणाच्या रेषेशी आले तेव्हा डोळा त्या रेषेच्या सात फूट मागे आहे. बाहेर कुंपणापासून तीन फुटांवरून एक मूल उजवीकडून येत आहे. खांबाला लागून उंच झुडूप असेल, तर चालकाची नजर खांबाच्या कडेला घासून बाहेर पडते, आणि तीन फूट बाहेरच्या रेषेवर ती डोळ्यापासून उजवीकडे पाच फुटांवर पोचते. त्यातून सव्वा फूट वजा करा. मूल पहिल्यांदा दिसते तेव्हा ते गाडीच्या अंगापासून पावणेचार फुटांवर असते.

धावणारे मूल सेकंदाला दहा फूट सहज जाते. पावणेचार फूट जायला त्याला सेकंदाच्या चार दशांशाहून कमी वेळ लागतो. चालकाला दिसणे, समजणे आणि पाय ब्रेकवर पोचणे, यालाच एक सेकंद हवा. गाडी माणसाच्या चालीने, ताशी पाच किलोमीटरने जरी सरकत असली, तरी त्या एका सेकंदात ती साडेचार फूट पुढे गेलेली असते; म्हणजे मुलाची तीन फुटांवरची वाट ओलांडूनच. येथे चालकाचे कौशल्य, सावधपणा, सज्जनपणा यांचा काही उपयोग नाही. उत्तम चालकाला जे दिसले नाही त्यासाठी तो ब्रेक दाबू शकत नाही.

डाव्या बाजूने हिशेब थोडा बरा निघतो. तेथे डोळा खांबापासून साडेसहा फूट दूर असल्याने मूल गाडीच्या अंगापासून पाच फुटांवर दिसू लागते. पण आपण रस्त्याच्या डावीकडून चालवितो. त्यामुळे फाटकाला लागून असलेल्या कडेने येणारे वाहन हे नेहमी बाहेर पडणाऱ्याच्या उजव्या हाताने येते. म्हणजे ज्या बाजूला सर्वांत कमी दिसते तीच बाजू सर्वांत जास्त वाहती. ज्यांना दोन्ही बाजूंचे कुंपण एकदम छाटता येत नसेल त्यांनी आधी घरातून बाहेर पडताना उजव्या हाताला येणारे छाटावे. आणि गाडी मागे घेत बाहेर काढण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी ती सोडावी. मागे येताना चालकाचे तोंड वळलेले, मागच्या काचेचे खांब आडवे, आणि मागच्या बाजूचे लहान मूल काचेच्या खालीच राहते. आत येताना मागे घ्यावी, बाहेर पडताना तोंड रस्त्याकडे असावे. हल्ली गाडीच्या मागे कॅमेरा असतो आणि तो उपयोगी आहे. पण कुंपणाच्या कडेपलीकडे डोकावण्याआधी त्यालाही कुंपणच दिसते.

फाटकाबाहेर कोण असते, हे पाहिल्याशिवाय या गणिताला अर्थ येत नाही. केंद्र सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती आणि ७४,८९७ दुचाकीवरची. म्हणजे तिघांतले जवळजवळ दोघे असे, की ज्यांच्याभोवती पत्र्याचे कवच नव्हते. हे सगळे फाटकांपाशी गेलेले नव्हेत, हे उघड आहे. पण टक्कर झाली तर कोणाच्या अंगावर जाते हे त्यावरून कळते. सकाळी सहा ते दहा या वेळात वसाहतीतल्या रस्त्याच्या कडेने कोण जाते ते एकदा मोजावे. दूधवाला, पेपरवाला, झाडूवाली, कचरागाडीवरचे दोघे, घरकामाच्या बायका, शाळेच्या रिक्षाची वाट पाहणारी मुले, आणि आता सामान पोचविणारी तरुण पोरे, जी मिनिटांच्या हिशेबावर धावतात. शिवाय देवासाठी फुले तोडणारी मंडळी! हातात आकडीची काठी आणि पिशवी घेऊन ही भाविक माणसे पहाटे नेमकी फाटकालगतच्या जास्वंदीत अर्धी शिरलेली असतात. मालकाला ती दिसू नयेत ही त्यांची इच्छा असते, आणि त्याच कारणाने ती मोटारवाल्यालाही दिसत नाहीत.

आमच्या घरकामगार संघटनेतल्या एका बाईचा घोटा अशाच एका फाटकापाशी मोडला. एका घरचे काम आटोपून दुसऱ्या घरी जाताना, सकाळी साडेआठला. मोटारीचा वेग काहीच नव्हता. मालक भले गृहस्थ होते. त्यांनी स्वतः तिला दवाखान्यात नेले, खर्च दिला. प्रश्न पुढच्या तीन महिन्यांच्या पगाराचा आला. पाच घरची कामे, त्यांतली दोन तेवढ्यात सुटली. आम्ही बोलायला गेलो तेव्हा ते गृहस्थ पुन्हा पुन्हा म्हणाले, "अहो, ती मला दिसलीच नाही." त्यांचे म्हणणे खरे होते, आणि तेच आमचे गाऱ्हाणे होते. आम्ही त्यांच्याच परवानगीने त्यांच्या गाडीत बसून फीत धरली. जे आकडे वर सांगितले त्यांच्याच जवळपासचे आकडे निघाले. तडजोड झाली, पगाराची रक्कम मिळाली. बाई कामावर परतल्या. पावसाळ्यात घोटा दुखतो. त्या फाटकाचे कुंपण त्याच आठवड्यात उतरले, हेही सांगितले पाहिजे.

कायद्याला ही गोष्ट माहीत नाही असे नाही. बांधकामाच्या नियमांत कोपऱ्यावरच्या प्लॉटबद्दल स्पष्ट लिहिलेले आहे, की जेथे दोन रस्ते मिळतात तेथून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरपर्यंत आवाराची भिंत पाऊण मीटरच्या वर भरीव बांधता येणार नाही. त्यावर हवीच असेल तर आरपार दिसेल अशी जाळी किंवा गज लावावेत. पाऊण मीटर म्हणजे अडीच फूट. फाटक रस्त्यावर न उघडता आत उघडावे, असाही नियम आहे. म्हणजे ज्यांनी नियम केले त्यांनी डोळ्याचा विचार केला होता. पण नियम विटेला लागू आहे. पाने त्यातून सुटली. भिंत अडीच फुटांवर थांबवून तिच्या आत साडेसहा फूट डुरांटा वाढविलेले कोपरे आम्ही कितीतरी दाखवू. नकाशा मंजूर, पूर्णत्वाचा दाखला मंजूर, आणि कोपरा आंधळा. अमेरिकेतल्या पुष्कळ शहरांत हे झुडपांनाही लागू आहे. फाटकालगतच्या आणि कोपऱ्यालगतच्या त्रिकोणात अडीच-तीन फुटांवर काही वाढू द्यायचे नाही, असा नगरपालिकेचा दंडक असतो. आपल्याकडे तसा दंडक होईल तेव्हा होवो. अडीच फुटांचा आकडा मात्र आपल्याच नियमात आहे. तो उचलून झुडपाला लावायला कोणाची परवानगी लागत नाही.

अडीच फूटच का? चालकाचा डोळा चार फुटांवर आहे, मग चार फूट चालतील, असे वाटणे साहजिक आहे. पण आपल्याला रस्ता पाहायचा नसून मूल पाहायचे आहे. तीन वर्षांचे मूल तीन फुटांच्या थोडे वर असते. कुंपण साडेतीन फूट ठेवले तर वडील माणसाचे डोके दिसेल आणि मूल तेवढे झाकून जाईल. वरच्या बाजूला झाडाच्या फांद्या असतील तर त्या सात-आठ फुटांपर्यंत उचलून घ्याव्यात. अडीच फुटांपासून सात फुटांपर्यंतचा हा मधला पट्टा स्वच्छ हवा.

लांबी किती? येथे पुन्हा त्रिकोणाकडे जाऊ. खांबापासून पुढे दहा फूट कुंपण अडीच फुटांवर आणले, तर उजवीकडून येणारे तेच मूल गाडीच्या अंगापासून अठरा फुटांवर असताना दिसू लागते. पावणेचाराचे अठरा. धावणाऱ्या मुलाचा चार दशांश सेकंदाचा वेळ पावणेदोन सेकंदांच्या वर जातो, आणि चालत येणाऱ्या माणसाला तर चार सेकंद मिळतात. शिवाय नजर दुतर्फी असते. चालकाला मूल दिसते त्याच क्षणी मुलालाही गाडीचा दिवा दिसतो, आणि पुष्कळदा थांबते ते मूलच. दहा फुटांच्या छाटणीने एवढे मिळते.

दुचाकीचे काय? येथे सत्य थोडे कडू आहे. रस्त्याचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने १९७६ च्या पुस्तिकेत दिले आहे, की समोरचे पाहून सुरक्षित थांबायला ताशी २० किलोमीटरला २० मीटर, ३० ला ३० मीटर, ४० ला ४५ आणि ५० ला ६० मीटर अंतर धरावे. वेग दुप्पट-अडीचपट झाला तर अंतर त्याहून जास्त वाढते. आता ताशी २० ने कडेकडेने येणारी स्कूटर २० मीटरवर, म्हणजे ६५ फुटांवर, दिसावी असे म्हटले, तर गाडीचे नाक कुंपणाच्या रेषेशी असताना पंचेचाळीस फूट लांब कुंपण बुटके करावे लागेल. काही बंगल्यांची दर्शनी बाजूच तेवढी असते. तेव्हा वाहनांच्या बाबतीत छाटणी अर्धेच काम करते. उरलेले अर्धे चालकाने करायचे: कुंपणाच्या रेषेशी पूर्ण थांबावे, मग इंचाइंचाने सरकावे, म्हणजे डोळा त्या रेषेजवळ येत जाईल आणि दृश्य उघडत जाईल. भोंगा वाजवून एकदम बाहेर येण्याची जी पद्धत आहे ती पद्धत नव्हे. ऐकू न येणारा म्हातारा आणि कानात गाणी घातलेला तरुण, दोघांनाही भोंगा सारखाच. बहिर्वक्र आरसा समोरच्या खांबावर लावतात. तो चांगला, पण त्यात येणारे वाहन लहान आणि म्हणून दूर भासते, पावसात तो ओला होतो, आणि अंधारात दिवा नसलेला माणूस त्यात दिसत नाही. छाटणी करून शिवाय आरसा लावावा. छाटणी टाळण्यासाठी लावू नये.

नव्या इमारतींत तळघरातून चढ घेऊन मोटार वर येते. तेथे गाडीचे नाक आकाशाकडे आणि चालकाचा डोळा रस्त्याच्या पातळीच्याही खाली असतो, त्यामुळे अडीच फुटांची रांगही भिंतीसारखी होते. अशा ठिकाणी फाटकाच्या दोन्ही अंगांना दहा फूट काहीच लावू नये, फरशी किंवा गवत पुरे, आणि चढ संपल्यावर गाडी सपाट उभी राहील इतकी जागा नसेल तर रखवालदाराला त्या वेळेपुरते बाहेर उभे करावे. आणि जेथे पाच फुटांची भरीव भिंतच आहे तेथे आतले झुडूप छाटून काही साधत नाही. पुढच्या रंगकामाच्या वेळी खांबालगतचा भाग उतरवून तेथे गज बसवावेत.

आता कात्रीकडे येऊ. मेंदी, कोयनेल, डुरांटा ही झाडे कणखर आहेत. जुन्या लाकडापर्यंत उतरविली तरी फुटतात. जास्वंद आणि तगरही फुटतात, पण त्यांना एका वेळी एक-तृतीयांशाहून जास्त उतरवू नये, दोन हप्त्यांत करावे. मोरपंखीचे तसे नाही. बाहेरून हिरवी दिसली तरी आतले लाकूड कोरडे असते, तेथवर कापली की तपकिरी भगदाड पडते आणि ते भरत नाही. हौसेने फाटकाच्या दोन्ही बाजूंना दोन मोरपंखी लावायची चाल आहे. लावताना ती गुडघ्याएवढी असते, दहा वर्षांनी दोन पहारेकरी उभे राहावेत तशी फाटक झाकून बसते. ती लावायचीच तर दहा फुटांपलीकडे लावावी. कण्हेर आणि बिट्टी यांचा चीक विषारी आहे. हातमोजे घालावेत, कापलेल्या फांद्या जाळू नयेत, आणि शेळ्या-गाईंच्या तोंडी लागतील अशा टाकू नयेत. बोगनवेल फाटकाच्या कमानीवर असेल तर राहू द्या, मात्र तिच्या खाली लोंबणाऱ्या काटेरी फांद्या दुचाकीवाल्याच्या डोळ्याच्या उंचीवर येतात, हे लक्षात असावे.

कुंपणाचा काप वरून अरुंद आणि खाली रुंद ठेवावा. उलट ठेवला, म्हणजे वर डोके मोठे झाले, की खालच्या पानांना ऊन मिळत नाही, बुंधा उघडा पडतो आणि मग मालक म्हणतात, छाटल्यामुळे कुंपण विरळ झाले. आणि अडीच फूट राखायचे असतील तर छाटणी दोन फुटांवर करावी. पावसात अर्धा फूट फुटायला मेंदीला फार दिवस लागत नाहीत. अडीचवर छाटलेले कुंपण पुढच्या फेरीपर्यंत तीनच्या वर गेलेले असते. मोठी उतरण पावसाच्या तोंडावर करावी. एप्रिलच्या उन्हात आतले लाकूड उघडे टाकले तर ते भाजते. त्या आधी फांद्या हाताने बाजूला करून पाहावे, कारण त्याच महिन्यांत बुलबुलाची घरटी अशा कुंपणांत असतात. पिले असतील तर तेवढा फूटभर भाग दोन-तीन आठवडे सोडावा आणि त्या दिवसांत फाटकातून जास्त सांभाळून निघावे.

झाड आणि झुडूप यांतला फरक मात्र सांभाळावा. नागरी भागांतल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे, आणि झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. खोड जाड झालेले काहीही काढायचे किंवा मोठी फांदी उतरवायची असेल तर पालिकेच्या उद्यान विभागात आधी अर्ज द्यावा. नजर मोकळी करण्याच्या नावाखाली गुलमोहर पाडायला निघालेल्यांची बाजू आम्ही घेणार नाही. झाडाचे खोड नजर अडवीत नाही. खालच्या फांद्या उचलल्या की पुरते.

आडोसा जाईल, ही तक्रार खरी आहे. घरातल्या माणसांना, विशेषतः बायकांना, ओसरीवर बसताना रस्त्यावरची नजर नको असते. धूळ आणि आवाजही असतो. पण आम्ही साऱ्या कुंपणाबद्दल बोलत नाही. साठ फुटी दर्शनी बाजूतले फाटकाच्या अलीकडचे दहा आणि पलीकडचे दहा, एवढेच मागतो. उरलेले सहा फूट उंच राहू द्या. त्या दहा फुटांत अबोली लावा, सदाफुली लावा, लिली, शेवंती, कोरफड लावा. ती क्वचितच अडीच फुटांवर जातात, आणि देवालाही फुले मिळतात.

आता ज्याच्या हातात कात्री असते त्याच्याविषयी. बहुतेक वसाहतींत माळी हा महिन्याच्या ठरीव रकमेवर चार-पाच ठिकाणी काम करतो. उन्हाळ्यात पाणी घालणे, पावसाळ्यात छाटणे, पैसे तेवढेच. जूनपासून दसऱ्यापर्यंत दर पंधरा-वीस दिवसांनी फाटकालगतचे कुंपण उतरवायचे, तर सहा-सात फेऱ्या जादा पडतात. त्या फेऱ्यांचे पैसे कोणी ठरविलेले नसतात, म्हणून त्या होत नाहीत, आणि ऑगस्टमध्ये फाटक झाकलेले असते. दोन्ही बाजूंचे वीस फूट छाटायला सराईत हाताला तासभरही लागत नाही. एवढ्या कामाची वेगळी मजुरी ठरवावी आणि सोसायटीच्या वार्षिक अंदाजपत्रकात ती माळी या सदराखाली स्पष्ट लिहावी. लिफ्टच्या देखभालीचे पैसे आपण लिहितो, तसेच हे.

मजुरीबरोबर साधनेही द्यावीत. विजेवर चालणारे छाटणी यंत्र पुष्कळ सोसायट्यांनी घेतले आहे. त्याच्याबरोबर चष्मा, हातमोजे आणि पायात बूट देणारी सोसायटी विरळा. उडालेली काडी डोळ्यात गेलेला माळी आम्ही पाहिला आहे. ओल्या कुंपणावर, ओल्या गवतात उभे राहून विजेचे यंत्र चालवायला त्याला सांगू नये. त्या दिवशी हातकात्रीने करावे किंवा दुसऱ्या दिवशी करावे. विजेच्या तारांजवळची फांदी माळ्याने शिडीवर चढून कापायची नाही, मग तो स्वतः तयार असला तरी. महावितरणला कळवावे, ते वीज बंद करून काम करतात. आणि छाटलेला पाला पदपथावर टाकू नये. तो तेथे आठवडाभर पडला की चालणारा रस्त्यावर उतरतो, म्हणजे ज्या माणसासाठी कुंपण छाटले त्यालाच आपण गाड्यांपुढे ढकलतो.

हे सारे करायला कोणती समिती लागत नाही. मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी मोटारीचे नाक कुंपणाच्या रेषेशी उभे करावे, नेहमी चालविणाऱ्याने आत बसावे, आणि घरातल्या सर्वांत लहान चालत्या मुलाला आईचा हात धरून उजवीकडून कुंपणापासून तीन फुटांवरून सावकाश येऊ द्यावे. मुलाचे डोके दिसले की चालकाने हाक द्यावी. तेथे खडूने रेघ ओढावी आणि रेघेपासून गाडीच्या अंगापर्यंतचे अंतर फितीने मोजावे. मग डावीकडून तेच. दोन्ही आकडे सोसायटीच्या सभावृत्तांताच्या वहीत तारखेसह लिहावेत. छाटणी झाल्यावर पुन्हा मोजावे, आणि गणपतीच्या सुमारास, वाढ ऐन जोरात असताना, तिसऱ्यांदा मोजावे. तिसरा आकडा दुसऱ्याहून कमी भरला तर माळ्याला पुढच्या फेरीची तारीख येण्याआधीच बोलवावे, आणि त्या जादा फेरीचे पैसे त्याच दिवशी त्याच्या हातात द्यावेत.